थोरला

गोदाकाठच्या एका गावात दोघे भाऊ राहत होते. निफाड तालुक्यातला हा भाग म्हणजे काळी जमीन, कालव्याचं पाणी, ऊस, गहू, कांदा आणि उसात दडलेला बिबट्या. त्यांचा बाप लवकर गेला. तेव्हा थोरला सोळा वर्षांचा होता आणि धाकटा सात. थोरल्याने शाळा सोडून औत धरलं. धाकट्याची वह्यापुस्तकं, त्याची सायकल, पुढे त्याचं लग्न, सगळं त्यानेच केलं. गावातल्या बायका आपल्या भांडणाऱ्या पोरांना या दोघांचं उदाहरण द्यायच्या.

थोरल्याला देवधर्माचं फारसं कळत नसे. एकादशीला देवळात जावं, हात जोडावेत आणि तसंच शेतात यावं, एवढीच त्याची भक्ती. धाकट्याचं वेगळं होतं. शाळेत असतानाच तो भजनी मंडळात जाऊन बसायला लागला आणि मिसरूड फुटायच्या आत चांगला पखवाज वाजवायला लागला. गावची दिंडी दर पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाते. पौष वद्य एकादशीची ही यात्रा नाशिक-नगरकडच्या शेतकऱ्यांची. थंडी मी म्हणत असते, कांद्याच्या लागणी चालू असतात, तरी गावोगावच्या दिंड्या त्या वाटेला लागतात. धाकट्याने ही वारी कधी चुकवली नाही. तो निघाला की थोरला वेशीपर्यंत जाई, त्याच्या खिशात पैसे कोंबी आणि म्हणे, "माझाही नमस्कार सांग." स्वतः कधी गेला नाही. मागे शेत कोण बघणार?

त्या वर्षी कार्तिक वद्यात शेतीची लाईट रात्रीची होती. गव्हाला पाणी द्यायचं होतं. मध्यरात्री धाकटा बॅटरी घेऊन विहिरीवर गेला. दवाने सगळं ओलं झालेलं. मोटारीच्या लोखंडी पेटीत वीज उतरली होती. पहाटे शेजारच्या वस्तीवरचा माणूस बांधावरून गेला, तेव्हा त्याला तो पेटीपाशी पडलेला दिसला. वय एकतीस. मागे बायको, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा.

अग्नी द्यायचा तो मुलाने. थोरल्याने पुतण्याला कडेवर घेतलं, त्याच्या चिमुकल्या मुठीवर आपली मूठ धरली आणि ज्या भावाला त्याने चालायला शिकवलं होतं, त्याच्या चितेला अग्नी दिला. त्या वेळी तो रडला नाही. पोर घाबरेल म्हणून रडला नाही.

लोक आले. गाव मायाळू होतं. पहिले काही दिवस त्या घरची चूल कुणी पेटू दिली नाही. कधी या घरून पिठलं-भाकरी, कधी त्या घरून वरणभात. भावकीतल्या बायका त्याच्या बायकोला, धाकटीला, जवळ घेऊन बसल्या. "पोरांकडे बघून दिवस काढ गं बाई," असं म्हणत तिच्याबरोबर रडल्या. म्हाताऱ्या आईच्या पायाशी बसून कुणी तिचे पाय चेपले. आणि थोरल्यापाशी जो जो आला, तो खांद्यावर हात ठेवून एकच सांगून गेला, "तू मोठा आहेस. तूच खचलास तर या सगळ्यांनी कुणाकडे बघायचं?"

सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना धीरच द्यायचा होता. पण धीर देणाऱ्या प्रत्येक हातागणिक थोरल्याच्या खांद्यावरचं ओझं वाढत गेलं. नवरा गेला की बाईचं दुःख दिसतं, मुलगा गेला की आईचं दिसतं. भाऊ गेलेल्या भावाचं दुःख आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. त्याच्याकडे मांडवाचं, भटजींचं, पाहुण्यांच्या चहाचं काम असतं. लोक त्याला विचारतात ते खुर्च्या किती मागवायच्या, हे.

दशक्रियेला नदीकाठी मांडव घातला. नाशिक-नगरकडे या दिवशी प्रवचन ठेवतात. महाराज चांगले होते, मनापासून बोलले. देह नाशिवंत आहे, आत्मा अमर आहे, आलेला प्रत्येक जण जाणार आहे. खरंच होतं ते. पण थोरल्याच्या कानात त्यातलं एक अक्षर शिरलं नाही. एखादी गोष्ट खरी असून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या आत तिला जागा असावी लागते. दहाव्या दिवशी ती जागा नसते. पुढे कित्येक महिन्यांनी त्याला महाराजांची दोन वाक्यं आपोआप आठवली आणि पटलीही. म्हणजे ती वाया गेली नव्हती.

पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. मांडवातून सुस्कारे निघाले. "सुटला. काही मागे राहिलं नव्हतं त्याचं," असं एक पाहुणा म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावली. थोरला पिंडाकडे बघत उभा होता. एकतीस वर्षांच्या माणसाचं काही राहिलं नव्हतं? पोरीला औंदा शाळेत घातली होती. घराच्या मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. पौषात त्र्यंबकला जायचं होतं. पण भरल्या मांडवात असं काही बोलायची सोय नसते.

तेरावा झाला. मांडव सुटला, भांडी ज्याची त्याला गेली, पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर कुणी नव्हतं. आईने तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आज कुणी नाही आलं?"

थोरल्याला झोप येईना. दिवसभर तो राबायचा. भावाच्या वाटणीचंही करायचा. रात्री अंथरुणावर पडला की तासाभरात उठून ओसरीवर येऊन बसायचा. मध्यरात्री लाईट आली की शिवारातल्या मोटारी एकेक करत सुरू व्हायच्या. तो आवाज ऐकत तो पहाटेपर्यंत तसाच बसे. बायकोने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी डोळे मिटत, पण सकाळी उठल्यावर झोपून उठल्यासारखं वाटत नसे. आणखी एक गोष्ट होती. धाकटी समोर आली की तो नजर खाली घाली आणि काहीतरी निमित्त काढून उठून जाई. तिला वाटे, माझं दुःख यांना बघवत नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीला त्या घरात तीळ भाजले गेले नाहीत. संक्रांत झाल्यावर दिंडीची माणसं आली. ती ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि थोडा वेळ गप्प राहिली. मग त्यांतले एक जण म्हणाले, "पखवाज द्याल का? शेजारच्या गावचा एक पोरगा वाजवेल. त्याच्या हातचा पखवाज दिंडीत असला म्हणजे..." त्यांना पुढे बोलवेना.

धाकटी आत गेली. खुंटीवरचा पखवाज तिने खाली घेतला, पदराने पुसला आणि बाहेर आणून चौकटीपाशी ठेवला. "न्या. टांगून ठेवला तर वादी सैल पडेल," ती म्हणाली. म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. तिने थोरल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू जा त्याच्यासंगं. दुसऱ्याच्या गळ्यात एकटाच कसा जाईल तो?"

पखवाजाबद्दल बोलली की मुलाबद्दल, कोण जाणे. थोरला निघाला.

या वाटेने गेलेल्यांना ती ठाऊक आहे. आधी नाशिक, मग सातपूर, महिरावणी, पुढे अंजनेरीचा डोंगर आणि शेवटी ब्रह्मगिरी. आपल्याकडे गोदावरी संथ आणि रुंद असते. चालत जाल तसतशी ती बारीक होत जाते आणि त्र्यंबकला डोंगरात तिचा उगम. पहाटे काकडा, मग चाल, वाटेतल्या गावांत चहा आणि पोहे, दुपारी पंगत, संध्याकाळी हरिपाठ, रात्री देवळात नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम. थोरल्याला टाळ वाजवता येत नव्हता आणि अभंगही पाठ नव्हते. पखवाज वाजत नसेल तेव्हा तो खांद्याला अडकवून थोरला दिंडीच्या शेवटी चालायचा. कुणी त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. दिंडीत हे चांगलं असतं. माणूस गप्प असला तरी पुढचा-मागचा त्याला आपल्यातलाच धरून चालतो, आणि ओठ हलले नाहीत तरी पाय सगळ्यांच्या पावलांशी जुळतातच.

त्या दिंडीत सिन्नरकडचा एक म्हातारा विणेकरी होता. धंद्याने गवंडी. त्याची बोटं जाड, नखं चुन्यासिमेंटने खाल्लेली. थोरला शेवटी चालतो हे बघून तोही विण्याचा पहारा नसेल तेव्हा मागे राहायला लागला. दोन दिवस तो नुसता बरोबर चालला. एकदा थोरल्याच्या पायाला फोड आला तेव्हा तेल लावून दिलं, एकदा अर्धी भाकरी दिली. नाव, गाव, काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही.

अंजनेरीच्या मुक्कामाला थंडी फार होती. माणसं शेकोटीभोवतून उठून एकेक करत झोपायला गेली. थोरला तिथेच बसून राहिला. म्हातारा वीणा घेऊन आला आणि त्याच्या शेजारी बसला.

"कुणाच्या यात्रेला चाललायस, ठाऊक आहे?"

"निवृत्तिनाथांच्या."

"ते कोण?"

"ज्ञानेश्वर महाराजांचे गुरू."

"आणखी?"

थोरला थांबला. "थोरले भाऊ."

"हां," म्हातारा म्हणाला. "थोरला भाऊ. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकला, तेव्हा मागे चार पोरं राहिली. निवृत्ती सगळ्यांत मोठा. लोकांनी वाळीत टाकलेल्या त्या पोरांना त्याने सांभाळलं. धाकट्याला ज्ञान दिलं, त्याच्याकडून नेवाशाला गीतेवरचा एवढा मोठा ग्रंथ करून घेतला. आणि तोच धाकटा एकवीस वर्षांचा झाल्यावर म्हणाला, मला आता समाधी घ्यायची आहे. कार्तिक वद्य त्रयोदशी. तुझा भाऊ गेला तो हाच पंधरवडा, नाही का?"

थोरल्याने मान हलवली. याला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं.

"आळंदीला निवृत्तीने त्याचा हात धरला, त्याला आत नेऊन आसनावर बसवलं आणि बाहेर आला. समाधीच्या तोंडावर शिळा लावली ती थोरल्यानेच." म्हाताऱ्याने आपले हात शेकोटीच्या उजेडात धरले. "मी गवंडी आहे. जन्मभर दगड बसवले. दगड बसवताना हात स्थिर लागतो. हात कापला की दगड बसत नाही, आपलीच बोटं चेंगरतात. त्या माणसाने धाकट्या भावावर शिळा ठेवताना हात कसा स्थिर ठेवला असेल, हे मला या वयातही कळलेलं नाही."

पुतण्याच्या मुठीवर धरलेली आपली मूठ थोरल्याला आठवली. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग ते रडले नाहीत?"

"रडले नाहीत? नामदेव महाराज तिथे होते. त्यांनी सगळं अभंगांत लिहून ठेवलंय. निवृत्तिनाथांचा शोक कुणाला आवरेना. ज्याने ज्ञानदेवाला ब्रह्मज्ञान दिलं, त्याचा शोक. आजही आळंदीला त्या तिथीला त्या अभंगांवर कीर्तन होतं आणि मंडपातली माणसं ओक्साबोक्शी रडतात. सातशे वर्षं होऊन गेली. तुम्ही एवढे मोठे गुरू, तुम्हीच रडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं, असं म्हणून त्यांना कुणी गप्प केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही."

शेकोटीत एक लाकूड सरकवून तो पुढे म्हणाला, "मग महिन्याने सासवडला सोपान गेला. पुढे वैशाखात तापीकाठी मुक्ता गेली. तिघंही वर्षाच्या आत. उद्या आपण ज्याच्या पायावर डोकं ठेवणार आहोत, तो तीन धाकट्यांना निरोप दिलेला थोरला आहे. गावात तू मोठा असशील. घरातही मोठा असशील. त्याच्यापुढे तुला मोठं असायची गरज नाही. तिथे तू धाकटा."

हे ऐकून थोरल्याच्या आतलं काहीतरी सैल झालं. दोन महिने जे त्याने आईला, बायकोला, कुणालाच सांगितलं नव्हतं, ते तो एका अनोळखी गवंड्याला सांगायला लागला.

"बाबा, त्या रात्री पाळी माझी होती."

म्हातारा काही बोलला नाही. लगेच "तुझा काय दोष" असंही म्हणाला नाही.

"कांद्याच्या गोण्या उचलून माझी कंबर धरली होती. रात्री उठलो तर सरळ उभं राहवेना. तो ओसरीवरच झोपला होता. उठला आणि बॅटरी माझ्या हातातून घेतली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, तू झोप. मी जातो."

"मग?"

"मग झोपलो. तेच तर, बाबा! गाढ झोपलो. कित्येक दिवसांनी इतकी चांगली झोप लागली होती. तो तिकडे पडला होता आणि मी इकडे पांघरूण घेऊन झोपलो होतो. मी गेलो असतो तर..." पुढे त्याला बोलता येईना.

म्हाताऱ्याने वेळ जाऊ दिला. दूर कुणीतरी झोपेत खोकलं. मग तो अगदी हळू बोलला.

"सोळाव्या वर्षापासून तू त्याचं केलंस. त्याचं खाणंपिणं, शिक्षण, लग्न. त्याला तुझ्यासाठी काही करायची संधी तू कधी दिली होतीस का रे? बहुतेक नसशील. थोरले देत नाहीत. त्या रात्री त्याने तुझी कंबर बघितली आणि तुला एक गोष्ट दिली, झोप. त्याला काय ठाऊक पुढे काय होणार आहे? तो मरायला गेला नाही. गव्हाला पाणी द्यायला गेला. जाताना आपल्या दादाला जरा आराम देऊन गेला, आणि मला विचारशील तर मनात खूश होऊन गेला. दोन महिने तू रोज रात्री जागून ते त्याला परत करतोयस. त्याने एकदाच काहीतरी तुझ्यासाठी केलं. ते करू दे त्याला. ते घे."

थोरला गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. तो शांत झाल्यावर म्हणाला, "मलाही दोन मुलं होती. आता एक आहे. म्हणून सांगतो. आत जा आणि झोप. माझा पहारा आहे, मी जागाच आहे."

शाळेच्या त्या थंड फरशीवर, टाळांच्या पिशव्या आणि घोंगड्यांच्या मध्ये, थोरला भावाच्या पखवाजाशेजारी आडवा झाला आणि काकड्याला कुणीतरी हलवून उठवेपर्यंत झोपला.

म्हाताऱ्याने अलौकिक काही सांगितलं होतं, असं मला वाटत नाही. ज्ञानदेवांच्या समाधीची कथा थोरल्याने लहानपणापासून कीर्तनात कितीदा ऐकली होती. भावाचे शब्द तर त्याच्यापाशीच होते, रात्रंदिवस त्याच्या कानात वाजत होते. म्हाताऱ्याने एवढंच केलं की आधी दोन दिवस त्याच्याबरोबर चालला, मग विचारलं, मग ऐकलं आणि शेवटी बोलला. आपण बहुधा उलटं करतो. दारातून आत येता येताच बोलायला सुरुवात करतो, आणि समोरच्याच्या तोंडून काही यायच्या आत निघून जातो. धीराचे शब्द खोटे नसतात, पण ते फार घाईने येतात. आणि श्रद्धेचंही तेच. "देवाची इच्छा" हे उत्तर म्हणून समोर टाकलं तर ते जखमेवर लागतं. त्याच देवाच्या वाटेवर कुणी शेजारून चाललं, तर तीच श्रद्धा आधार होते. संतांनी आपल्याला रडू नका असं सांगितलेलं नाही. नामदेवांनी तर एका थोरल्याचं रडणं जपून ठेवलं, म्हणूनच सात शतकांनी दुसऱ्या थोरल्याला ते उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी दिंडी त्र्यंबकला पोचली. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी गर्दी मावत नव्हती. गावोगावच्या पताका, टाळमृदंगाचा गजर, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका. थोरला तासन्‌तास रांगेत उभा राहिला. समाधीपुढे आल्यावर त्याने डोकं टेकलं. भाऊ दरवर्षी इथे आपला नमस्कार पोचवत होता, हे त्याला तेव्हा आठवलं. "या वेळी मी त्याचा घेऊन आलो," एवढंच तो मनात म्हणाला. मागचे लोक ढकलत होते, पुजारी पुढे चला म्हणत होते. तिथे जास्त वेळ मिळत नाही आणि त्याला जास्त वेळ लागलाही नाही.

घरी आला त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने आईला, बायकोला आणि धाकटीला ओसरीवर बोलावलं. धाकटी चौकटीच्या आत उभी राहिली. थोरल्या दिराशी ती कधी चार वाक्यांपलीकडे बोललेली नव्हती. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघून सांगितलं, "त्या रात्री पाळी माझी होती."

"मला ठाऊक आहे, दादा," ती म्हणाली. "मी जागी होते. दादाची कंबर धरलीय, मी जातो, असं मला सांगून गेले ते." मग तिचा आवाज फुटला. "त्यांच्या चपला चिखलाने भरल्या होत्या. मी संध्याकाळी धुवून ठेवल्या. ओल्या होत्या म्हणून ते अनवाणी गेले. पायात चपला असत्या तर कदाचित..."

इतके दिवस ती हे एकटी बाळगून होती. थोरला नजर चुकवायचा तेव्हा तिला वाटायचं, यांना चपलांचं कळलंय.

भिंतीशी बसलेली म्हातारी तेव्हा म्हणाली, "हरभराच पेरायचा म्हणत होता तो. मीच म्हणाले, गहू कर, पोरांना वर्षाचा घरचा गहू होईल. हरभऱ्याला एवढं पाणी कशाला लागलं असतं?"

दुःखाच्या घरात असंच असतं. एका छपराखाली तीन माणसं, आणि तिन्ही आपापल्या मनात गुन्हेगार होऊन बसलेली. एकमेकांना दोष कुणीच देत नाही, पण बोलत नसल्यामुळे ते कुणाला कळतही नाही. थोरला उठून आईपाशी बसला. "पोरांच्या तोंडात घरचा घास पडावा म्हणून तू गहू म्हणालीस, आई," तो म्हणाला. मग धाकटीकडे वळला, "आणि तुला त्याच्या चिखलाच्या चपला बघवल्या नाहीत म्हणून तू धुतल्यास. त्याला सकाळी स्वच्छ चपला मिळाव्यात म्हणून. माया केलीस बाई तू. दुसरं काही केलं नाहीस."

त्या रात्री ते घर पहिल्यांदा एकत्र रडलं. आणि मग, कधी नव्हे ते, त्याच्याबद्दल बोलायला लागलं. तो कसा रुसायचा, पखवाजाला लावायला कणीक कशी चोरून न्यायचा. मुलगी झोपेतून उठून येऊन ऐकत बसली. बापाचं नाव घरात मोठ्याने घेतलेलं तिने बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. थोरल्याने विहिरीवरच्या पेटीला नवीन अर्थिंग करून घेतलं, खाली लाकडी फळी आणि रबरी चटई टाकली, आणि गावात ज्याची मोटार आहे त्या प्रत्येकाच्या मागे लागून तसंच करायला लावलं. देव आहे म्हणून तारेकडे दुर्लक्ष करावं, असं कुठल्याही संताने म्हटलेलं नाही. दर पौषात तो आता त्र्यंबकला जातो. अभंग त्याला अजून धड येत नाहीत, पण टाळ जमतो. गेल्या खेपेला पुतण्याही बरोबर होता आणि पखवाजाला हात लावू द्या म्हणून हट्ट करत होता. गवंडीबाबा एका वर्षी आले नाहीत. नंतर कळलं की ते गेले. थोरला सिन्नरकडे त्यांच्या मुलाला भेटायला गेला, तेरावा उलटून तीन आठवडे झाल्यावर.

आता गावात कुणाचं काही झालं की तो अंत्ययात्रेला सगळ्यांसारखा जातो आणि मागे उभा राहतो. बोलत नाही. मांडव सुटला, पाहुणे परतले, ओसरी रिकामी झाली की तो त्या घरी जातो. चहा घेतो. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारतो, "शेवटचं काय बोलले ते?" आणि मग ऐकत बसतो, कितीही वेळ लागो. उठायची घाई करत नाही. दोन दिवसांनी परत जातो. त्या घरात जो सगळ्यांत मोठा असेल, सगळ्यांना सावरत फिरत असेल, त्याच्यापाशी तो मुद्दाम जाऊन बसतो.

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरी गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कुणी गेलं असेल, तर आज संध्याकाळी तिकडे जाऊन या. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल.